नाइट संपवून तणावाच्या वर्गाला बसायचं का?

पत्राचा थोडक्यात आशय: पत्र लिहिणाऱ्या सिस्टर एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत अकरा वर्षं स्टाफ नर्स आहेत. रुग्णालयाने परिचारिकांसाठी आठ आठवड्यांचा ऑनलाइन ताण-व्यवस्थापन कार्यक्रम सुरू केला आहे. त्यात रोज अ‍ॅपवर श्वसनाचा आणि ध्यानाचा सराव करायचा असतो, आठवड्यातून एकदा सकाळी दहाला व्हिडिओ सत्र असतं आणि दर पंधरवड्याला एक प्रश्नावली भरायची असते. इनचार्ज सिस्टरनी सगळ्यांची नावं परस्पर पाठवली. नाइट असेल तर या घरी पोहोचून कॅमेरा बंद ठेवून सत्राला बसतात, डोळा लागतो, मग अपराधी वाटतं. डोळे मिटून ध्यान केलं की उलट छाती धडधडते. प्रश्नावलीत खरं लिहिलं तर ते वरपर्यंत जाईल अशी भीती आहे. मैत्रिणी म्हणतात, “स्टाफ द्या, श्वास आमचा आम्ही घेतो.” पत्राच्या शेवटी त्या लिहितात: “दोन महिन्यांपूर्वी माझ्या ड्युटीत एक तरुण पेशंट गेला. माझी काही चूक नव्हती असं सगळे म्हणाले. पण कुठेही बीप वाजलं की मॉनिटरचा अलार्म वाटतो. तो बेड वाट्याला येऊ नये म्हणून मी अदलाबदल करून घेते. कार्यक्रम सोडू का? की मीच या कामाला कमी पडते? राजीनाम्याचाही विचार येतो.”

प्रिय सिस्टर,

तुमच्या लांबलचक पत्रात कार्यक्रमाबद्दल पुष्कळ आहे आणि त्या पेशंटबद्दल जेमतेम चार ओळी, त्याही अगदी शेवटी. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण कार्यक्रम सोडायचा की ठेवायचा याचं उत्तर त्या चार ओळींवर अवलंबून आहे.

कुठेही बीप वाजलं तरी अलार्म ऐकू येणं, तो बेड टाळणं, डोळे मिटले की धडधडणं, आणि हे सगळं दोन महिने चालू राहणं. दुसऱ्या कुणी तुम्हाला असं सांगितलं असतं, तर तुम्ही त्या व्यक्तीला “जरा दीर्घ श्वास घ्या” एवढंच सांगून परत पाठवलं नसतं. धक्कादायक प्रसंगानंतर पहिले काही दिवस किंवा आठवडे असं होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही आठवणी अंगावर येत राहिल्या, त्या प्रसंगाशी जोडलेल्या जागा टाळाव्याशा वाटल्या आणि शरीर सतत सावध राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवायला हवं. तुम्हाला आघातोत्तर ताणाचा त्रास (पीटीएसडी) आहे असं निदान मी पत्रावरून करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तपासून घ्यायला हवं, हे ठामपणे सांगते.

असा त्रास निघालाच, तर त्यावर नेमके उपचार आहेत. आघातावर केंद्रित कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणीवर काम करणारी) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केली आहे. प्रशिक्षित थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवरूनही हे उपचार देऊ शकतात, त्यामुळे “ऑनलाइन” या गोष्टीवरच फुली मारू नका. तुम्हाला हवी आहे ती मदत एकास एक असते आणि त्या एका प्रसंगावर काम करते. वीस जणींच्या वर्गात शिकवला जाणारा ताण-व्यवस्थापनाचा धडा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या पेशंटला नुसतं पॅरासिटामॉल देऊन ताप का उतरत नाही म्हणून त्यालाच दोष द्यावा, तसं काहीसं तुम्ही स्वतःच्या बाबतीत करताय.

ध्यानात त्रास का वाढतो, याचंही उत्तर इथेच असावं. डोळे मिटून, शांत बसून मनात काय येतंय ते पाहा, असं सांगितलं की काही जणांच्या मनात नेमका तोच प्रसंग वर येतो. हे माहीत असलेला प्रशिक्षक तसं आधीच सांगतो आणि पर्याय देतो. तुम्ही पर्याय मागा. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घेणं, हातातल्या गार पाण्याच्या ग्लासाकडे लक्ष देणं, असे सराव तुमच्यासाठी सध्या जास्त सुरक्षित आहेत. सत्र चालू असताना धडधड वाढली तर सरळ थांबा. तेवढ्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पहिला फोन लावताना काय बोलायचं, हा प्रश्न पडेल. एवढंच सांगा: “मी आयसीयूत नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी ड्युटीत एक पेशंट गेला. तेव्हापासून आवाजाने दचकते, झोप नीट होत नाही, तो बेड टाळते. आघातावर काम करणाऱ्या थेरपिस्टची वेळ हवी आहे आणि माझ्या शिफ्ट बदलत्या आहेत.” नाव-गाव सांगण्याआधी हे सांगितलंत तरी चालेल. आणि झोपेची गोळी स्वतःहून सुरू करू नका. औषधं माहीत असणं आणि ती स्वतःला लिहून देणं यातला फरक तुम्ही रोज इतरांना समजावता.

“माझी चूक नव्हती असं सगळे म्हणाले” हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळे असं म्हणाले खरे, पण तुम्हाला नेमकं काय झालं ते कुणी विचारलं का? अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली लिहिलं होतं की उपचारातल्या चुकीचा घाव पेशंटबरोबर उपचार करणाऱ्यालाही बसतो आणि त्याच्याकडे बहुधा कुणी पाहत नाही. चूक झालेली नसतानाही हा घाव बसतो, हे परिचारिकांना वेगळं सांगायला नको. त्यानंतर काही रुग्णालयांनी सहकाऱ्यांचेच आधारगट उभे केले. प्रसंगानंतर प्रशिक्षण घेतलेली सहकारी येते, चौकशी न करता ऐकून घेते आणि गरज असेल तर पुढे पाठवते. तुमच्याकडे असा गट आहे का ते विचारा. नसेल तर त्या रात्री तुमच्याबरोबर ड्युटीवर असलेल्या एखाद्या विश्वासू सिस्टरशी बोला. तीही कदाचित हेच अलार्म घेऊन घरी जात असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मीच कमी पडते का?

तुम्ही हे गृहीत धरलंय की ताण ही तुमच्या आतली गोष्ट आहे, मजबूत माणसाला तो होत नाही, आणि कार्यक्रमाने तो जात नसेल तर दोष तुमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११वी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. त्यात बर्नआउटचं वर्णन नीट न हाताळल्या गेलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या कामाच्या ठिकाणच्या ताणाचा परिणाम असं आहे. त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलंय. गळून जाणं, कामापासून मनाने तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. “मी कमी पडते” हे वाटणं या तिसऱ्यात मोडतं. म्हणजे ज्या वाक्याने तुम्ही स्वतःला जोखताय, ते वाक्यच थकव्यातून आलेलं असू शकतं.

आणि हा थकवा मोजला गेलाय. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक पेशंट जास्त आला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला आणि तो २००४ पासून लागू आहे. तिथे आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. तुम्ही पत्रात लिहिलंय की कधी कधी व्हेंटिलेटरवरचे तीन-तीन पेशंट तुमच्या एकटीकडे असतात. अशा रात्री कुठल्या अ‍ॅपने तुमचा ताण कमी व्हावा अशी अपेक्षा आहे?

तेव्हा तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं खरं आहे. तरीही त्या जिथे थांबतात तिथे मी थांबत नाही. स्टाफ वाढायला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर झोप तुमचीच जाणार आहे, आठवणी तुम्हालाच येणार आहेत. व्यवस्था चुकतेय म्हणून स्वतःसाठीची मदत नाकारली, तर शिक्षा पुन्हा तुम्हालाच होते. रुग्णालयाकडे माणसं मागायची आणि स्वतःसाठी थेरपिस्टही शोधायचा, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करता येतात. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतही कामाच्या परिस्थितीत बदल, वरिष्ठांचं प्रशिक्षण आणि व्यक्तीला मदत, हे तिन्ही एकत्र आहे. यातलं शेवटचं तेवढं उचलून बाकीचं विसरणाऱ्या रुग्णालयांवर माझा राग आहे.

आता कार्यक्रमाबद्दल. ऑनलाइन मदत परिचारिकांना एका बाबतीत खरोखर सोयीची आहे. तुमची मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट फिरत असते, त्यामुळे दर मंगळवारी पाचची वेळ कुणालाच पाळता येत नाही. शिवाय समुपदेशकाच्या दारात उभं असताना कॉरिडॉरमधून कुणी पाहील ही धास्ती नसते. अशा कार्यक्रमांत पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे पलीकडे माणूस आहे का. नुसतं अ‍ॅप हातात दिलं की बहुतेक लोक ते अर्ध्यात सोडतात. आठवड्यातून एकदा कुणी दोन ओळींचा निरोप पाठवून “काय जमलं, काय अडलं” एवढं विचारलं तरी लोक टिकतात आणि फायदाही जास्त होतो. तुमच्या कार्यक्रमात असं विचारणारं कुणी आहे का? पत्रावरून तरी “तुमचा या आठवड्याचा सराव अपूर्ण आहे” असं सांगणारी सूचनाच फक्त येते असं दिसतं. ती आजच बंद करा.

आठ आठवड्यांचा हा साचा कुठून आला तेही सांगते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी सजगतेवर आधारित अभ्यासक्रम सुरू केला. त्यात रोज सुमारे पाऊण तासाचा घरचा सराव असतो. तो उपयोगी आहे, त्यावर पुष्कळ संशोधनही झालंय. पण फिरत्या शिफ्टमध्ये, घरकाम सांभाळून, रोज पाऊण तास? आयसीयू नर्सला ते जमलं नाही तर बदलायचा तो अभ्यासक्रम.

नाइटनंतर सकाळी दहाचं सत्र तर मला मुळीच मान्य नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी खालावते, असं प्रयोगांत दिसलंय. नाइट करून दहाला कॅमेऱ्यासमोर बसणारी नर्स त्या उंबरठ्यावर असते किंवा तो ओलांडून गेलेली असते. त्या वेळी तुमच्यासाठी सगळ्यात प्रभावी ताण-व्यवस्थापन म्हणजे अंधारी, गार खोली आणि बंद फोन. सत्रात डोळा लागतो तो तुमचा बेजबाबदारपणा नव्हे, शरीर त्याची गरज सांगतंय. घरच्यांना सांगून ठेवा की नाइटनंतरचे पहिले पाच-सहा तास कुणी उठवायचं नाही, आणि नाइटच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा, कारण कॅफीनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही अंगात उरतो. खूप पेंग येत असेल त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.

मग सराव करायचा कधी? ड्युटीतच, पण वेगळा वेळ न काढता. हँडरब (हात निर्जंतुक करायचं द्रव) लावून हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात आणि ते तुम्ही दर बेडला करताच. त्यातल्या एखाद्या वेळी, दर वेळी नाही, श्वास घेण्यापेक्षा सोडणं सावकाश करा. तेवढ्यात दोन-तीन श्वास होतात. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती किंचित खाली येते हे तुम्ही मॉनिटरवर पाहिलंच असेल. दुसरी जागा म्हणजे ओव्हर दिल्यानंतरची, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवल्यानंतरची. बाहेर पडण्याआधी आजचं एक अवघड काम आणि एक नीट झालेलं काम, असं मनात किंवा वहीत नोंदवा. शक्य असेल तर बरोबरच्या सिस्टरला “तू ठीक आहेस ना?” असं विचारून मगच निघा. आणि वॉर्डच्या ग्रुपला घरी असताना म्यूट करा. ड्युटी बदलायची तातडी असेल तर फोन येईलच.

प्रश्नावलीची भीती तुम्ही लिहिलीत, ती अनाठायी नाही. उत्तरं भरण्याआधी कार्यक्रम चालवणाऱ्यांना लेखी विचारा: माझी उत्तरं कोण पाहतं? रुग्णालयाला नावानिशी जातात की सगळ्यांची मिळून एकत्रित आकडेवारी जाते? समुपदेशक रुग्णालयाचा नोकर आहे की बाहेरचा? नोंदी किती काळ ठेवता? जिवाला धोका असेल तर गोपनीयता मोडावी लागते, त्याचे नियम काय? सरळ उत्तर मिळालं नाही तर प्रश्नावली भरू नका. कार्यक्रमासाठी स्वतःचा फोन आणि खासगी ईमेल वापरा, वॉर्डचा संगणक नको. आणि एक जबाबदारी आपल्याकडेही येते. ऑनलाइन गटात मन मोकळं करताना पेशंटचं नाव, बेड नंबर, निदान आणि तारीख एकत्र येऊ देऊ नका. “एक पेशंट” एवढं म्हटलं तरी दुःख पुरेसं सांगता येतं.

म्हणजे सोडायचा की नाही? माझं मत असं: थेट सत्रं थांबवा, रेकॉर्डिंग मिळत असेल तर ऑफच्या दिवशी बघा, त्यातलं उपयोगी वाटेल तेवढं घ्या आणि वाचलेली सगळी शक्ती थेरपिस्टची वेळ मिळवण्यात घाला. अगदी प्राथमिक कौशल्यं मोफत हवी असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताण हाताळण्यावरची एक सचित्र पुस्तिका आणि तिचे ऑडिओ सराव खुले केलेत. दिवसाला काही मिनिटं पुरतात.

एक गोष्ट यापैकी कशाचीही वाट न पाहता करायची आहे. जगणं नकोसं वाटलं, स्वतःला इजा करण्याचा विचार आला, तर अ‍ॅप नाही, पुढचं सत्र नाही. त्याच तासाला जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीच्या सेवेकडे किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनकडे जा. आपण नर्स आहोत, पेशंट म्हणून कसं जाऊ, हा संकोच तेव्हा बाजूला ठेवा.

रुग्णालयाकडे काय मागायचं? एकटीने मागू नका. चार-पाच जणींनी मिळून मेट्रनना लेखी द्या आणि मागण्या मोजक्या ठेवा: सत्र ड्युटीच्या वेळेत धरावं किंवा तेवढा वेळ भरून द्यावा, कार्यक्रमात येणं ऐच्छिक असावं, आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग १२ तास विश्रांती मिळावी. ही शेवटची मागणी तुमच्या मनची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने परिचारिकांसाठी १९७७ मध्ये केलेल्या १५७ क्रमांकाच्या शिफारशीत ती आहे, तिचा उल्लेख करा. सोबत गेल्या महिन्याच्या नोंदी जोडा. कुठल्या तारखेला एकीकडे किती पेशंट होते, कुणाचं जेवण राहिलं, कुणाला डबल ड्युटी लागली. नुसत्या तक्रारीला कुणी विचारत नाही, तारखांना उत्तर द्यावं लागतं.

हे वाचणाऱ्या इनचार्ज सिस्टरनाही सांगते. तुमच्यावरही वरून दबाव असतो हे मान्य आहे, पण कुणाचंही नाव तिला न विचारता अशा कार्यक्रमाला पाठवू नका आणि तिच्या गटात स्वतः बसू नका. तुम्ही समोर असताना ती खरं बोलणार नाही. वॉर्डमध्ये मृत्यू झाल्यावर त्या नर्सला दहा मिनिटं बाजूला बसू द्या आणि तिचे बाकीचे पेशंट तेवढा वेळ सांभाळा. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हे तुम्हाला लवकर जमेल.

राहिला राजीनामा. तो देऊच नका असं मी म्हणणार नाही. नोकरी बदलणं हा पराभव नाही, आणि विश्रांतीचं साधं मागणंही फेटाळणारं रुग्णालय सोडणं शहाणपणाचंच ठरू शकतं. पण झोप उडालेली असताना आणि तो बेड डोळ्यांसमोर असताना ठरवू नका. आधी तात्पुरती बदली मागा, ओपीडीत किंवा नाइट नसलेल्या विभागात, दोन-तीन महिन्यांसाठी. कारण म्हणून “वैद्यकीय सल्ला” एवढंच द्या, त्यापलीकडचा तपशील सांगायला तुम्ही बांधील नाही. उपचार सुरू होऊन झोप जागेवर आली की मग कागदावर लिहा: मला आयसीयू नकोय, हे रुग्णालय नकोय, की नर्सिंगच नकोय? या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. आयसीयू नको असेल तर बदली कायमची करून घ्या, रुग्णालय नको असेल तर दुसरीकडे अर्ज करा. नर्सिंगच नको असं उत्तर येत असेल, तर त्यावर निर्णय घेण्याआधी थेरपिस्टबरोबर एकदा बसून बोला.